चीनमध्ये बस कुठे, ट्रेन कुठे आणि यांगत्सेवरची बोट कुठे

चीनची टूर ठरवताना आपल्याकडे आधी शहरांची यादी होते, बीजिंग, शीआन, शांघाय, आणि मग ती आठ-दहा दिवसांत कशीतरी कोंबली जाते. त्याआधी जरा अंतरं बघा हो. बीजिंग ते शीआन रेल्वेने साधारण १,२०० किलोमीटर आहे, हे बसने करायला निघालात तर हाडं खिळखिळी होतील, फास्ट ट्रेन तेच साडेचार ते सहा तासांत करते. म्हणून माझा हिशोब असा की दोन-अडीच तासांपर्यंत बस, त्यापुढे ट्रेन, आणि बोट फक्त एकाच तुकड्यासाठी, यांगत्से नदीवर चोंगचिंग ते यीचांग.

व्हिसाचं आधी सांगतो. भारतीयांना टुरिस्ट व्हिसा जुलै २०२५ पासून परत मिळायला लागलाय. यूट्यूबवर गोरे लोक व्हिसा न काढता दहा दिवस फिरताना दिसतात ती सवलत आपल्या पासपोर्टला नाही, त्यामुळे त्या भरवशावर तिकिटं काढू नका. आणि ट्रेनचं बुकिंग करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. तिकडे तिकीट म्हणजे पासपोर्टच, आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात, हे टूरवाल्याकडून एकदा तपासून घ्या.

आता बस. बीजिंगहून चीनची भिंत बघायला बसच बरी पडते. भिंतीच्या बादालिंगच्या भागात गर्दी बेक्कार असते, त्यापेक्षा मुतियान्यूचा भाग घ्या, शहरापासून सत्तरएक किलोमीटर आहे, केबल कार आहे, आईबाबांच्या गुडघ्यांची सोय होते. टूरवाल्याला एक गोष्ट आधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या: शॉपिंग स्टॉप किती? स्वस्त कोच टूरमध्ये जेडचा कारखाना, रेशमाचं दुकान, चहाचं दुकान असं करत अर्धा दिवस जातो आणि भिंतीवर मग तासभरच उरतो. फॉरबिडन सिटी, म्हणजे बीजिंगमधला जुना राजवाडा, सोमवारी बंद असते आणि तिकीट पासपोर्ट नंबर देऊन आधी ऑनलाइन काढावं लागतं, तिथे जाऊन खिडकीवर बघू असं चालत नाही.

शीआनमध्ये मातीचे सैनिक, १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले, ते सगळेच बघतात. पण शहरातला तो मोठा विटांचा पॅगोडा (बिग वाइल्ड गूज पॅगोडा) टाळू नका. आपण शाळेत घोकलेला ह्युएन त्संग भारतातून ज्या पोथ्या घेऊन गेला त्या ठेवायला हा ६५२ मध्ये बांधला. हाच गडी पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि लिहून ठेवलं की इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत. गाइडला हे सांगा, तोही खूश होतो.

सोलापूरकरांसाठी अजून एक. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी शिजियाझुआंगला आहे, बीजिंगहून फास्ट ट्रेनने सव्वा-दीड तास, शीआनच्या वाटेवरच. ग्रुप टूरवाले सहसा नेत नाहीत, स्वतः जाणार असाल तर अर्धा दिवस ठेवाच.

मग बोट. यांगत्से ६,३०० किलोमीटर आहे पण बघण्यासारख्या तीन घळी चोंगचिंग आणि यीचांगच्या मध्ये आहेत. प्रवाहाबरोबर गेलात तर तीन रात्री, उलट दिशेने चार. आपल्यासारख्यांनी प्रवाहाबरोबरच जावं, एक रात्र वाचते आणि दिसायचं तेच दिसतं. चोंगचिंगला सकाळीच पोचा, म्हणजे बसने दाझूची लेणी बघून संध्याकाळी बोटीवर चढता येतं. वेरूळ बघितलेल्या माणसाला दाझू बघताना मजा येते कारण हे काम मुख्यतः बाराव्या-तेराव्या शतकातलं, आणि बुद्धाबरोबर म्हशी राखणारी पोरं, कोंबड्या पाळणारी बाई असले प्रकार कोरलेत.

सीझन एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर, पण १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा आणि मेचे पहिले पाच दिवस सोडून, तेव्हा अख्खा चीन सुट्टीवर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये चोंगचिंग चाळिशीला टेकतं. यीचांगच्या अलीकडे थ्री गॉर्जेस धरण आहे, त्याची पातळी हिवाळ्यात १७५ मीटरपर्यंत भरलेली असते आणि पुराच्या आधी ती १४५ पर्यंत उतरवतात, म्हणजे उन्हाळ्यात दोन्ही काठांना तीस मीटरचा उघडा, मातकट पट्टा दिसतो, फोटोत तो छान येत नाही पण घळ तेवढी उंच वाटते. काठावर ठिकठिकाणी १७५ चे पांढरे फलक आहेत ते बघा. या पाण्याखाली जुनी गावं आहेत, तेरा लाखांवर माणसं उठवली, कोयना-उजनीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

केबिन मधल्या मजल्यावरची घ्या, खालच्या मागच्या केबिनला इंजिनाची घरघर येते. वरच्या डेकचं अपग्रेड गळ्यात मारतात, घळी पुढच्या उघड्या डेकवरूनच बघायच्या असतात त्यामुळे गरज नाही. किनाऱ्यावरच्या सहलींपैकी शिबाओझाईचा बारा मजली लाल लाकडी पॅगोडा करा, भुतांचं शहर म्हणून फेंगदू दाखवतात ते सोडलं तरी चालेल, पायऱ्या फार आणि आत सगळं रंगरंगोटीचं. चुतांग घळ मात्र जेमतेम आठ किलोमीटरची आहे, नाश्त्याला बसलात तर गेली. घोषणा व्हायच्या आधीच जाकीट घालून पुढे जा. दहा युआनची नोट खिशात ठेवा, तिच्या मागच्या बाजूला याच घळीचं तोंड छापलंय, सगळे चिनी काका-काकू नोट समोर धरून फोटो काढत असतात आणि दोन मिनिटांत जागा मिळत नाही.

जेवणाचं खरं सांगायचं तर शाकाहारी मंडळींची पंचाईत होते. भाजी असते भरपूर पण ती डुकराच्या चरबीत किंवा मटणाच्या स्टॉकमध्ये परतलेली असू शकते. "मांस, मासे, अंडं, चरबी नको" असं चिनी लिपीत लिहिलेलं फोनमध्ये ठेवा आणि बोटीवर पहिल्याच संध्याकाळी रेस्टॉरंटच्या मॅनेजरला दाखवा, टेबल ठरलेलं असतं त्यामुळे पुढे तो लक्षात ठेवतो. गरम पाणी मात्र ट्रेन, स्टेशन, बोट सगळीकडे फुकट, तेव्हा इन्स्टंट पोहे-उपमा घेऊन जा.

पैसे द्यायचं अलीपे ॲप इथूनच फोनमध्ये टाकून कार्ड जोडून घ्या. गूगल, व्हॉट्सॲप तिकडच्या वायफायवर चालत नाही, आपल्या सिमच्या रोमिंगवर चालतं. पॉवर बँकवर चीनचा थ्रीसी (CCC) हा सुरक्षेचा शिक्का नसेल तर देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत, आणि फळं कापायची सुरी ट्रेनच्या चेकिंगला काढून घेऊ शकतात.

बऱ्याच मोठ्या बोटी धरणाच्या अलीकडे माओपिंगलाच थांबतात. तिथून बसने २,३३५ मीटर लांबीचं धरण दाखवतात आणि मग यीचांगला सोडतात, तासाभराचा रस्ता. पण धरण बघण्यात किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून यीचांगहून पुढची ट्रेन दुपारी उशिराची काढा.