वसंताची वाट कशी पाहावी: एक झाड, एक वही

आधी एक झाड ठरवा. खिडकीतून दिसणारं किंवा रोजच्या वाटेवरचं. ते दुर्मीळ नसलं तरी चालेल, देखणं नसलं तरी चालेल, फक्त रोज नजरेला पडलं पाहिजे. माझं झाड म्हणजे वाईतल्या घरामागच्या बांधावरचा पळस. शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि दरवर्षी डिसेंबरात मुलांना हेच काम दिलं: आपापलं झाड निवडा आणि वहीत रोज एक ओळ लिहा. सोपं काम आहे असं समजून मुलं खूश व्हायची. आठ दिवसांनी कुणीतरी विचारायचंच, "बाई, आज काहीच झालं नाही, मग काय लिहू?" मी सांगायची, "‘काही नाही’ असं लिही. पण झाडाजवळ जाऊन, बघून लिही." वाट पाहण्यातला सगळ्यात कठीण भाग तोच आहे. ज्यानं तीस दिवस "काही नाही" लिहिलंय, त्याला एकतिसाव्या दिवशीची कळी लांबून दिसते.

वहीत तारीख, झाडाची अवस्था आणि ऐकू आलेला पक्षी, एवढंच पुरे. तापमान लिहायचं तर लिहा, पण त्याच्या मागे लागू नका. कॅलेंडरवर तर मुळीच विसंबू नका. आपली वसंत पंचमी माघात येते, वसंत ऋतू मात्र चैत्र-वैशाखाचा. पाश्चात्त्य देशांत २० मार्चच्या सुमाराला वसंत सुरू झाला म्हणतात, आणि त्या दिवशी तिथल्या कित्येक गावांत बर्फ असतो. झाड यातलं काहीच वाचत नाही.

आपल्या देशावर, म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेला, वसंताची वाट पाहायची तर आधी पानगळ नीट बघावी लागते. पळस जानेवारीपासून उघडा पडत जातो. मग फांद्यांवर काळपट, मखमली कळ्यांचे घोस दिसतात. लांबून त्या वाळलेल्या शेंगांसारख्या वाटतात आणि माणसं पुढे निघून जातात. जवळ जा, बोट लावून बघा. पुढे फेब्रुवारी-मार्चात त्यांतून केशरी फुलं बाहेर येतात, पोपटाच्या चोचीसारखी वाकडी. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत झाडाखाली उभं राहा. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, सगळे मधासाठी भांडत असतात. पानं नसल्यामुळे फूल दुरून दिसतं, पक्षी येतात आणि परागीभवन होतं. उघड्या फांदीवर फुलण्यामागे असं कारण आहे.

पळसाच्या आधी काटेसावर बघून घ्या. पांगाराही याच दिवसांतला. मार्चअखेर एखाद्या डोंगरवाटेवर कुसुम दिसला तर तिथं थांबाच. त्याची कोवळी पालवी इतकी लाल असते की नवख्या माणसाला ती फुलंच वाटतात. हरितद्रव्य मागाहून येतं, आधी तो लाल रंग. कानासाठी दोन खुणा सांगते. तांबट पक्ष्याचा टुक-टुक असा एकसुरी ठोका ऊन वाढू लागलं की दिवसभर चालतो, आणि कोकिळाची पहिली साद पहाटे येते. कोकीळ एकदा ऐकला की वहीत तारखेखाली रेघ ओढा. पुढच्या वर्षी तीच पानं उघडून बघाल.

इथं हाताला कामही असतं. गळलेला पाला जाळू नका, झाडाच्या आळ्यात पसरा. पाऊस जूनमध्ये येणार, आणि झाडं त्याच्या दोन-अडीच महिने आधीच पालवी काढून बसलेली असतात. मुळाशी जेवढी ओल राहील तेवढी राहू द्या. पक्ष्यांसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला आणि फुलोरा तोडताना एकाच फांदीवर हात मारू नका. चैत्रगौरीला आंबेडाळ वाटताना पहिल्या कैरीचा वास येतो, तो वास माझ्या वहीत दरवर्षी नोंदलेला आहे.

कोकणातली गोष्ट निराळी. माझं माहेर राजापूरकडचं. तिथं वसंताची वाट म्हणजे मोहोराची वाट, आणि ती दिवाळीनंतरच सुरू होते. हापूसच्या कलमाला मोहोर यायला गार रात्री लागतात. थंडी पडली की वडील पहाटे उठून कलमांखाली फिरायचे, बोलायचे कमी. मोहोर आल्यावर खरी धाकधूक. आभाळ ढगाळलं की तुडतुडे वाढतात, भुरी पडते, आणि सोन्यासारखा मोहोर काळा पडून झडतो. आमच्या घरी एक शिस्त होती: फळ सुपारीएवढं होईपर्यंत यंदा किती पेट्या निघतील, हे तोंडातून काढायचं नाही. कणी, वाटाणा, सुपारी, अंडं अशी फळाची मापं. एका मोहोरावर शेकडो फुलं असतात, त्यांतली एक-दोनच फळं शेवटपर्यंत टिकली तरी आनंद. कोकणात कुणाकडे जानेवारीत पाहुणे म्हणून गेलात तर मोहोराचं कौतुक करा, आकडा विचारू नका. त्या घराचं वर्ष त्यावर असतं.

आता टोरांटो. इथं मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्यासारख्या पुष्कळ आया लेकीच्या बाळंतपणाला जानेवारीत तिकडे जातात आणि मार्च उजाडला की कासावीस होतात. मी गेले तेव्हा सामानात डिंकाचे लाडू होते, बाळंतशेपा होत्या, आणि मनात होतं की दोन महिन्यांत फुलं दिसतील. नात फेब्रुवारीत जन्मली. त्या वर्षी पाडवा ६ एप्रिलला होता. बाल्कनीत गुढी उभारली, वाळवलेल्या कडुनिंबाच्या पानांत गूळ, ओवा, हिंग घालून गोळी केली. समोर झाडं पूर्ण उघडी होती. लेक बाळाला घेऊन खिडकीशी उभी होती. म्हणाली, "आई, हे संपतच नाही गं." तिचा चेहरा बघून मी त्या रात्री शाळेतली युक्ती काढली आणि दुकानातून एक वही आणायला सांगितली.

टोरांटोत वाट पाहायची तर थंडीकडे बघू नका, उजेडाकडे बघा. डिसेंबरअखेर तिथं दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. मार्चमध्ये तो रोज जवळजवळ तीन मिनिटांनी वाढतो. वाईत हीच वाढ साधारण एक मिनिटाची असते, म्हणून आपल्याला ती कधी जाणवलेली नसते. रोज संध्याकाळी ठरलेल्या भिंतीवरून ऊन कधी सरतं ते लिहा. बाहेर गारठा तसाच असेल, पण आठवड्याला संध्याकाळची आठ-नऊ मिनिटं मिळालेली कागदावर दिसतात, आणि सकाळीही साधारण तेवढीच वाढलेली असतात. बाळंतिणीला मी दुपारी बाराच्या सुमाराला, बाळाला गुंडाळून, पंधरा मिनिटं का होईना बाहेर न्यायचे. तेवढ्यानं आमच्या घरात फरक पडला. मन फारच खचत असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा, ऊन हा त्यावर इलाज नव्हे.

दुसरं, थंडीवर रागावू नका. तिथल्या झाडांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन मिटलेल्या असतात, आणि ठरावीक आठवडे गारठा सोसल्याशिवाय त्या ऊब मानतच नाहीत. नाहीतर जानेवारीतल्या एखाद्या उबदार आठवड्याला फसून उमलतील आणि पुढच्या हिमात मरतील. ट्युलिपचा कंद ऑक्टोबरात मातीत लावतात, त्याला बारा-चौदा आठवडे थंडी मिळाली तरच नीट फूल येतं. हे कळल्यावर लेकीच्या अंगणातल्या बर्फाकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. माझ्या वडिलांच्या कलमांनाही गार रात्रीच लागत होत्या.

तिथं झाड निवडायचं तर सिल्व्हर मेपल निवडा, रस्त्यांच्या कडेला पुष्कळ दिसतो. पानांच्या आधी, मार्च-एप्रिलमध्येच, त्याच्या फांद्यांवर लालसर कळ्यांचे बारीक झुबके फुगतात आणि त्यांतून नखाएवढी फुलं येतात. खाली उभं राहून मान वर केल्याशिवाय दिसत नाहीत. लोक "अजून काहीच नाही" म्हणत चालत असतात आणि डोक्यावर झाड फुललेलं असतं! पळसासारखाच हाही उघड्या फांदीवर फुलतो, पण त्याला परागासाठी वाऱ्यावरही भिस्त ठेवावी लागते आणि पानं असती तर वारा अडला असता. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी लेकीला हाक मारून खाली बोलावलं, आणि बाळासकट ती चपला न बदलता आली.

याच दिवसांत गावाबाहेर शुगर मेपलचा रस काढतात. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्यावर, अशा हवेतच तो रस वाहतो. सुमारे ४० लिटर रस आटवला की एक लिटर पाक होतो. कळ्या फुटायला लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम आटोपतो. जमलं तर नातवंडांना घेऊन बघायला जा, आपल्या गुऱ्हाळाची आठवण येईल.

घरात वसंत आधी आणता येतो. फेब्रुवारीअखेर अंगणातल्या फोर्सिथिया नावाच्या झुडपाच्या चार-पाच काड्या तिरप्या कापून पाण्यात ठेवा. पाणी दोन दिवसांआड बदला. एक ते तीन आठवड्यांत पिवळी फुलं येतात. खिडकीत पसरट ट्रेमध्ये मेथी पेरा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर आणि पंधरवड्याच्या आत वरणात टाकण्याएवढी कोवळी भाजी. नवीन बाळंतिणीच्या घरात काहीतरी हिरवं उगवताना दिसलं पाहिजे.

एका चुकीपासून सावध करते. एप्रिलअखेर चार दिवस छान ऊन पडलं. खिडकीत वाढवलेली टोमॅटो-मिरचीची रोपं मी उत्साहानं अंगणात लावली. पाचव्या रात्री हिम पडलं आणि सकाळी सगळी रोपं काळी, लुळी. सहा आठवडे वाढवलेली होती, मला रडू आलं. शेजारच्या इटालियन आजींनी कुंपणावरून सांगितलं की नाजूक रोपं व्हिक्टोरिया डेच्या सुमाराला बाहेर काढायची. ही सुट्टी २५ मेच्या आधीच्या सोमवारी येते. त्याआधी आठ-दहा दिवस रोपं दिवसा बाहेर, रात्री आत, अशी सवय लावायची. पालक आणि मटार मात्र एप्रिलमध्ये पेरा, त्यांना गारवा मानवतो.

फुलांचा क्रमही लक्षात ठेवा: स्नोड्रॉप, क्रोकस, डॅफोडिल, मग ट्युलिप. हाय पार्कातल्या सकुरांना, म्हणजे जपानी चेरीच्या झाडांना, बहर साधारण एप्रिलअखेर ते मेच्या पूर्वार्धात येतो. त्यांतली पहिली झाडं १९५९ साली टोकियोच्या नागरिकांकडून भेट आली होती. बहर जेमतेम आठवडाभर टिकतो, म्हणून शनिवार-रविवारची वाट बघू नका. मधल्याच दिवशी सकाळी लवकर जा. आम्ही गेलो तेव्हा पाकळ्या बाबागाडीच्या छतावर पडत होत्या आणि नात झोपली होती.

मेलबर्नला माझा भाचा असतो. तिथं ऋतू उलटे, वसंताची सुरुवात १ सप्टेंबरपासून धरतात आणि तोच दिवस वॅटल डे म्हणून पाळतात. सोनपिवळा वॅटल ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय फूल आहे, आणि बाभळीच्या नात्यातला. भाच्याला मी सांगितलं, गणपतीच्या दिवसांत बाभळीसारखी गोंड्यांची फुलं शोध. त्या दिवसांत घरट्याच्या काळजीनं मॅगपाय माणसांच्या डोक्यावर झेप घेतात, तेव्हा टोपी घालून फिर. त्याच्या वहीतली पहिली नोंद त्या पक्ष्याचीच आहे.

नात आता स्वतःची वही लिहिते. गेल्या मार्चात व्हिडिओवर तिनं मेपलची फांदी दाखवली आणि म्हणाली, "आजी, आज काही नाही." मी विचारलं, "जवळ जाऊन बघितलंस?" तर म्हणाली, "हो, हात लावून." मी ती ओळ माझ्याही वहीत उतरवली. मग तिनं पळस दाखवायला सांगितलं. त्या दिवशी फुलं झडून खाली सडा पडला होता, म्हणून मी फोन जमिनीकडे वळवला.