चित्रसंपादन शिकताना: मूळ चित्राला धक्का न लावता काम कसे करावे

चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडले की एका बाजूला अवजारांची रांग, दुसऱ्या बाजूला पॅनेल आणि वर मेनूंची गर्दी दिसते, आणि नवशिक्याचे लक्ष साहजिकच झटपट परिणाम दाखवणाऱ्या फिल्टरांकडे जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे की ते फिल्टर काही काळ बाजूला ठेवावेत आणि आधी एक सवय लावून घ्यावी: आज घेतलेला प्रत्येक निर्णय उद्या बदलता येईल, अशाच रीतीने काम करायचे. फोटोशॉप, गिंप किंवा क्रिता यांपैकी काहीही वापरत असाल, तरी ही सवय लागलेल्या माणसाची प्रगती झपाट्याने होते, कारण त्याला प्रयोग करण्याची भीती उरत नाही.

एक निर्णय मात्र नंतर बदलणे अवघड जाते, आणि तो म्हणजे आकाराचा. म्हणून नवी फाइल उघडण्यापूर्वीच चित्र पडद्यासाठी आहे की छपाईसाठी, हे ठरवावे. पडद्यावर केवळ पिक्सेलची, म्हणजे चित्र ज्या बारीक रंगीत ठिपक्यांनी बनते त्यांची, संख्या महत्त्वाची असते. छपाईत मात्र एका इंचात किती पिक्सेल बसतात याला महत्त्व येते, आणि हातात धरून वाचायच्या कागदासाठी ३०० हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाते. त्या हिशेबाने २१० बाय २९७ मिलिमीटरच्या ए-४ कागदासाठी सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेलची फाइल लागते. बाराशे पिक्सेल रुंदीचा फोटो याच प्रमाणात छापला तर तो चार इंच, म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर रुंद होईल. तो ताणून पानभर केला तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरते आणि चित्र भुरकट दिसू लागते. छपाईच्या कामात रंग कागदाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारही बाजूंना साधारण तीन मिलिमीटर जादा चित्र, म्हणजे ब्लीड, ठेवावे लागते. शिवाय पडद्यावरचे आरजीबीतले (लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या मिश्रणाचे) भडक निळे आणि हिरवे रंग छपाईच्या सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या) शाईत तितके तेजस्वी उतरत नाहीत. त्यामुळे फाइल कोणत्या स्वरूपात हवी हे छापखान्याला कामाच्या आधीच विचारून घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे लेअरकडे वळू. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे चित्राचे सुटे थर. फोटोशॉपमध्ये लेअर १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आले. त्यापूर्वी चित्रावर ठेवलेली गोष्ट एकदा त्यात मिसळली की ती पुन्हा सुटी करता येत नसे. ही सोय आज हाताशी असतानाही अनेक नवशिके सगळे काम एकाच लेअरवर करतात. फोटो, पार्श्वभूमी, आकृत्या आणि मजकूर हे सर्व स्वतंत्र लेअरवर ठेवावे, प्रत्येकाला नाव द्यावे आणि मूळ फोटोच्या लेअरची प्रत काढून मूळ लेअर कुलूपबंद करावा. नावे देणे कंटाळवाणे वाटते खरे, पण लेअरची संख्या वाढली की ‘लेअर १७ची प्रत’ म्हणजे नेमके काय, हे खुद्द करणाऱ्यालाही आठवत नाही.

लेअरच्या जोडीला मास्क, म्हणजे लेअरचा भाग न पुसता नुसता झाकणारे आवरण, शिकला नाही तर मात्र निम्माच फायदा होतो. समजा, एका व्यक्तीच्या फोटोमागची पार्श्वभूमी काढायची आहे. खोडरबराने ती पुसली तर पिक्सेल कायमचे जातात आणि चुकून पुसलेला कान किंवा केसांची बट फाइल बंद केल्यावर परत येत नाही. त्याऐवजी व्यक्तीभोवती सिलेक्शन करावे, म्हणजे तिच्या कडेने रेघ फिरवून तेवढा भाग निवडावा, ते एखाद-दुसऱ्या पिक्सेलने आत ओढावे म्हणजे कडेला जुन्या पार्श्वभूमीची फिकट रेघ राहत नाही, आणि मग त्या सिलेक्शनवरून लेअरला मास्क लावावा. मास्कवर पांढऱ्या रंगाने रंगवलेला भाग दिसतो, काळ्याने रंगवलेला लपतो आणि करड्याने रंगवलेला अर्धवट पारदर्शक होतो. केसांजवळ मऊ कडेचा लहान ब्रश कमी अपारदर्शकतेवर ठेवून हळूहळू फिरवावा, खांद्याजवळ मात्र कडक कडेचा ब्रश घ्यावा. काळे-पांढरे रंग अदलाबदल करण्यासाठी फोटोशॉप आणि गिंप या दोन्हींत एक्स ही कळ आहे. ती बोटांत बसली की हे काम निम्म्या वेळात होते. शेवटी खाली तात्पुरता एक भडक, एकरंगी लेअर टाकून पाहावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर न दिसलेले डाग आणि उरलेल्या कडा तिथे लगेच उघड्या पडतात.

रंग आणि उजेड यांच्या दुरुस्त्याही मूळ लेअरवर न करता वेगळ्या अ‍ॅडजस्टमेंट लेअरवर, म्हणजे स्वतःत चित्र नसलेल्या पण खालच्या लेअरचे रंग-उजेड बदलून दाखवणाऱ्या लेअरवर, कराव्यात. गिंपमध्ये २०२५ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून बहुतेक फिल्टर नंतरही बदलता येतात. उजेड कमी-जास्त करायला ब्राइटनेसची पट्टी ओढण्यापेक्षा लेव्हल्स ही सोय वापरणे चांगले, कारण तिथल्या आलेखात गडद आणि उजळ भाग कुठे आहेत ते स्पष्ट दिसते. आलेखाची दोन्ही टोके रिकामी असतील तर कडेचे त्रिकोण आत सरकवताच मरगळलेला फोटो उठून दिसतो. मात्र ते फार आत नेले तर आकाशातले ढग किंवा पांढऱ्या कपड्यांच्या सुरकुत्या कोऱ्या पांढऱ्या होऊन जातात.

मजकुराच्या बाबतीत संयम हवा. एका चित्रात दोन फॉन्ट पुरेसे असतात, आणि सर्वांत महत्त्वाची ओळ इतरांपेक्षा किंचित नव्हे तर ठळकपणे मोठी असावी. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने ओळींमध्ये रोमन मजकुरापेक्षा अधिक अंतर ठेवावे. अक्षरांमधले अंतर वाढवू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते. मुक्ता, बालू किंवा नोटो सॅन्स देवनागरी असे युनिकोड फॉन्ट वापरावेत. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत वेलांटी भलत्याच जागी पडत असेल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावा. फोटोवर अक्षरे वाचता येत नसतील तर अक्षरांना सावली आणि चमक देत बसण्यापेक्षा मध्ये एक अर्धपारदर्शक गडद लेअर टाकणे अधिक परिणामकारक ठरते. वेब सुलभतेच्या निकषांत सामान्य आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, सांगितला आहे. त्याची ढोबळ तपासणी करायची तर सर्वांत वर रंग काढून टाकणारा लेअर ठेवावा. करड्या छटांत अक्षरे पार्श्वभूमीत विरघळत असतील तर रंगांची निवड बदलणे भाग आहे.

लोगोसारखी आकृती पिक्सेलमध्ये मुळीच बनवू नये. त्यासाठी इंकस्केपसारखे व्हेक्टर सॉफ्टवेअर वापरावे; ते आकृती ठिपक्यांऐवजी रेषा-वक्रांच्या गणिताने साठवते, म्हणून ती कितीही मोठी केली तरी भुरकट होत नाही.

काम जतन करताना दोन फायली ठेवाव्यात. एक लेअरसह मूळ फाइल, म्हणजे फोटोशॉपची पीएसडी किंवा गिंपची एक्ससीएफ, आणि दुसरी पाठवण्यासाठी निर्यात केलेली. फोटोंसाठी जेपीईजी योग्य असते. पारदर्शक भाग किंवा ठळक कडांची अक्षरे असतील तर पीएनजी घ्यावी. जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून, बदलून जतन केली तर दर वेळी थोडा तपशील गळतो, म्हणून बदल नेहमी मूळ फाइलमध्येच करावेत आणि तिथून नवी जेपीईजी काढावी.