पळसाचा फोटो नुसता लाल डाग येतो? मग हे करून बघा

होळीच्या आगेमागे जळगाव जिल्ह्यात खिरोद्याहून सातपुड्यातल्या पाल गावाकडे चढायला लागलं की दोन्ही बाजूला पळस पेटलेला दिसतो, आपण गाडी थांबवतो, मोबाईल काढतो, आणि घरी येऊन बघतो तर फुलाच्या जागी नुसता केशरी लगदा, ना पाकळी ना काही. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली.

कारण असं की कॅमेरा पूर्ण फ्रेमचा सरासरी उजेड मोजतो, फांद्या काळ्या असल्या की तो फोटो उजळ करतो आणि लाल रंग आधी फाटतो, म्हणजे त्यातले बारकावे जाऊन नुसता डाग उरतो. म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, मायनस ०.७ ते १ ठेवा. मोबाईलवर फुलावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की सूर्याचं चिन्ह खाली ओढा. कॅमेऱ्यात हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, असेल तर लाल रंगाचा वेगळा बघा, तो उजव्या कडेला चिकटायला नको. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये काढा, घरी थोडं तरी सावरता येतं.

वेळ म्हणाल तर सूर्य उगवल्यापासून तासभर, फार तर दीड. मार्चमध्येच आपल्याकडे दहानंतर ऊन असं सपाट पडतं की झाडाला खोलीच राहत नाही. सकाळी मैना आणि शिंजीर हे पक्षी मधासाठी येतात, तेव्हा सूर्याला पाठ देऊन उभे राहू नका, उलट सूर्य फुलांच्या मागे येईल असे उभे राहा, पाकळी आतून पेटल्यासारखी दिसते आणि देठाजवळचा काळपट मखमली भागही उठून येतो. पूर्ण झाड कोंबायच्या नादात वाइड लेन्स नको, खोड वाकडं होतं, त्यापेक्षा मागे सरका आणि २एक्स झूम वापरा. एक फांदी, मागे रिकामं आकाश, बास.

अंजनाच्या झाडाचं उलटं आहे, तिथे फुलाचं काही नाही, पालवी बघायची. जोडपानं फुलपाखरासारखी, कोवळी असताना तांबूस, त्यांच्या मागून ऊन आलं की दुसरं काही लागतच नाही.

आणि कांडोळाचं झाड! पानं गळाली की सातपुड्याच्या उतारावर ते पांढरं खोड एकटंच उभं असतं. इथे मागे अंधारी दरी असेल तर पळसासारखंच मायनस, पण खोडाच्या सालीने फ्रेम भरली असेल तर प्लस ०.७, नाहीतर पांढरं राखाडी येतं. पौर्णिमेला ट्रायपॉड लावून आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८००, एफ/४ (लेन्सचं छिद्र), शटर १५ सेकंद उघडं, असं करून बघा, वारा पडलेला असला पाहिजे मात्र. रात्री यावल अभयारण्याच्या हद्दीत परस्पर घुसू नका, आधी वनखात्याला विचारा, नाहीतर शेताच्या बांधावरचं झाड गाठा, मालकाला सांगून.

मोहाची फुलं रात्रभर टपकत पहाटेपर्यंत गळतात आणि अंधारातच बायाबापड्या टोपल्या घेऊन वेचायला येतात. ती त्यांची वर्षाची कमाई आहे. आधी राम राम घाला, दोन शब्द बोला, हो म्हटल्या तरच फोटो काढा, आणि पाय जपून टाका, खाली फुलं असतात.