पावसाळ्यात जखमी कोंबडीची निगा

या दमट दिवसांत जखमी कोंबडीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे माशी. ती जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसात, कधी त्याआधीच, अळ्या होऊन आत शिरतात. म्हणून ‘उद्या सकाळी बघू’ हे या हंगामात चालत नाही. दुसरा धोका खुराड्यातच असतो. रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात आणि साधे खरचटणे बघता बघता खोल होते. औषध शोधत बसण्याआधी तिला वेगळी काढा.

उचलताना दोन्ही पंख अंगाशी मिटवून धरा, पण छाती आवळू नका. कोंबडीला श्वासपटल नसते. छातीचा पिंजरा हलला तरच तिचा श्वास चालतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ५ ते १० मिनिटे सलग दाबून धरा, मध्येच उचलून पाहू नका. रक्त थांबले की तिला कोरड्या, उबदार, अंधाऱ्या खोक्यात तासभर निवांत बसू द्या. कुत्र्या-मांजराच्या तोंडून सुटलेली कोंबडी कधी कधी जखमेपेक्षा धक्क्यानेच जाते. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. पाण्याचे भांडे समोर ठेवा, ती आपणहून पिईल.

मग अंग नीट तपासा. पिसांखाली जखम सहज लपते, म्हणून पिसे ओली करून बाजूला सारा. कोंबडा पाठीवर चढताना त्याच्या आरीने, म्हणजे पायामागच्या टोकदार काट्याने, पडलेली चीर पंखाच्या अगदी खाली असते आणि वरून काहीच दिसत नाही. कुबट वास आला, शेपटीखालची पिसे चिकटलेली दिसली, तर अळ्या आहेत असे समजूनच शोधा.

धुण्यासाठी एक लिटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा, घाला. सुई काढलेल्या सिरिंजने जखमेत धार सोडा, घाण वाहून जाईपर्यंत. अळ्या चिमट्याने एकेक काढा आणि काही तासांनी पुन्हा पाहा, कारण आत राहिलेल्या नंतर वर येतात. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा. राख, तेल किंवा कसलीही पूड जखमेत भरू नका. खालची घाण तिथेच कोंडते. गुरांच्या जखमेवरचा माशीनाशक फवाराही पशुवैद्यांना विचारल्याशिवाय मारू नका. शेवटी पिसे पूर्ण वाळवा, ओली कोंबडी लवकर गारठते.

दोन-तीन दिवसांत जखमेभोवती हिरवट रंग दिसला तर घाबरू नका. कोंबडीचा मुका मार असाच हिरवा पडतो. कातडी काळी पडून दुर्गंधी येत असेल, तर ते मात्र सडणे आहे.

दात लागलेली जखम लहान दिसली तरी पशुवैद्यांना दाखवाच. दातांमधले जंतू खोलवर जातात. पोट फाटले असेल, हाड मोडले असेल किंवा ती धापा टाकत असेल तरीही थांबू नका. प्रतिजैविक दिले तर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे तेव्हाच विचारून घ्या.

पुढे रोज दोनदा जखम पाहा, तळाचा भुसा किंवा कागद बदला आणि खोक्यावर बारीक जाळी टाका. विष्ठेकडेही लक्ष असू द्या. ती पातळ हिरवी झाली, तर बहुधा पोटात काही जात नाही. अशा वेळी नेहमीचे खाद्य कोमट पाण्यात भिजवून थोडे थोडे द्या.

खपली पडून लालसरपणा जाईपर्यंत तिला कळपात सोडू नका. फार दिवस नजरेआड राहिली तर बाकीच्या तिला परकी समजून मारतात, म्हणून तिचा पिंजरा त्यांना दिसेल असा ठेवा. परत सोडताना संध्याकाळी, सगळ्या दांडीवर बसल्यावर, सोबत बसवा आणि सकाळी दार उघडताना जवळ थांबा. कोंबड्याच्या आरीनेच जखम झाली असेल, तर त्याआधी आरीचे टोक घासून बोथट करा.