घराचं गिऱ्हाईक रोखीचं आहे? या चुका टाळा

“लोनची भानगड नको, पैसे रोख देतो.” कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेतलं आत्याचं घर विकायला काढलं, तेव्हा एजंटानं आणलेल्या गिऱ्हाइकानं सोप्यात बसल्या बसल्या हेच सांगितलं. चहा संपायच्या आत त्यानं कापडी पिशवीतून पाचशेची दहा बंडलं काढून जाजमावर रचली. संचकाराचे, म्हणजे विसाराचे, पाच लाख. आत्यानं ती देवघरात नेऊन ठेवली. दोन दिवसांनी सीएंनी विचारलं, “पैसे कसे घेतले?” उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेता येत नाही. 1 जून 2015 पासून हा नियम आहे. मोडला तर घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. पुढे सौदा फिसकटला तरी सुटका नाही. शिवाय एकाच व्यवहारापोटी 2 लाख किंवा जास्त रोख घेण्यावर 1 एप्रिल 2017 पासून वेगळी बंदी आहे. आज दीड, उद्या दीड असे तुकडे पाडले तरी व्यवहार एकच धरतात.

घाबरून आम्ही दुसरी चूक करायला निघालो होतो. बंडलं तशीच पिशवीत भरून परत द्यायची! सीएंनी अडवलं. असा परतावाही 20,000 किंवा जास्त असेल तर बँकेतूनच करावा लागतो. मग पैसे आत्याच्या खात्यात भरले, तिथून गिऱ्हाइकाच्या खात्यावर आरटीजीएस केलं, जुनी पावती लेखी रद्द केली आणि चेकनं रक्कम घेऊन नवं संचकारपत्र केलं. झालेली चूक यानं पुसली जात नाही, पण निदान पैशाचा माग स्वच्छ राहतो. तुमच्याकडून असं झालं असेल तर आधी सीएंना गाठा, परस्पर काही करू नका.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास ऐकू येते: “उसाचे पैसे आहेत, शेतीला कुठं टॅक्स?” उसाचं बिल कारखाना खात्यावरच जमा करतो, मग पुढं चेक द्यायला अडचण काय? आगाऊ रकमेच्या नियमात शेतकऱ्यांना सवलत आहे, पण देणारा आणि घेणारा दोघांचंही उत्पन्न शेतीचं हवं आणि दोघांचंही करपात्र उत्पन्न नको. पेन्शनवर कर भरणाऱ्या आत्याला तिचा काय उपयोग?

“दस्तात कमी दाखवू, बाकीचे हातात देतो” याला तर अजिबात भुलू नका. दाखवलेली किंमत रेडीरेकनरच्या (सरकारी दरानं ठरलेल्या) मूल्यापेक्षा बरीच खाली गेली, तर कर रेडीरेकनरच्या मूल्यावरच मोजतात. आणि बहुतेक जण घर विकतात ते दुसरं घर घ्यायला. किमान 24 महिने आपल्याकडे असलेलं राहतं घर विकून आलेला नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात गुंतवला, तर त्यावरचा कर माफ होतो. म्हणजे जो कर कायद्यानंच वाचतो, तो वाचवायला आपण हातातल्या नोटा अडकवून बसतो. त्या नोटा नव्या फ्लॅटच्या चेकमध्ये जात नाहीत, आणि वर्षात 10 लाख किंवा जास्त रोख बचत खात्यात भरली की बँक आयकर खात्याला कळवते. शिवाय 16 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं आहे की, दस्तात 2 लाख किंवा जास्त रोखीचा उल्लेख दिसला तर दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकानं आयकर खात्याला कळवावं.

लोन न घेणारं गिऱ्हाईक वाईट नसतं. स्वतःचे पैसे खात्यात असतील तर व्यवहार लवकर उरकतो. पण बँक मध्ये नसल्यानं पैशाची खात्री तुम्हालाच करावी लागते. संचकाराआधी ताजं बँक स्टेटमेंट किंवा एफडीच्या पावत्या बघायला मागा. मागायला लाजू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक शेवटी होते. खरेदीखतात पुढच्या तारखांचे चेक लिहून सही केली आणि दस्त नोंदवला, की चेक वटो न वटो, मालकी गेली. किंमत पुढे द्यायचं कबूल असलं तरी कायद्यानं विक्री पूर्ण होते. थकलेल्या पैशाचा त्या घरावर बोजा राहतो, पण वसुलीला कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून पैसे आधी खात्यात, मग अंगठा आणि फोटो. आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालतं, “बँक बंद आहे” ही सबब चालत नाही. डीडी दिला तर काढणाऱ्या शाखेत विचारून खात्री करा. प्रत्येक रकमेचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) दस्तात लिहून घ्या. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस (आधीच कापून भरायचा कर) कापेल; तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते बघा.

आत्याचा दस्त झाला त्या दिवशी मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, तिनं चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि मग दुय्यम निबंधकांच्या टेबलाकडं निघाली. किल्ली आणि घरफाळ्याच्या पावत्या दस्त झाल्यावर दिल्या.