घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी बटणांचा फोन: कसा निवडावा, कसा लावून द्यावा

आजोबांचा फोन बिघडला की घरातलं कोणीतरी दुकानात जातं, काउंटरवरच्या डझनभर फोनमधून मोठ्या आकड्यांचा एक उचलतं आणि संध्याकाळी आणून देतं. आठवड्याभरात तो फोन टीव्हीशेजारी पडून असतो. एक तर सिमला रेंज येत नाही, नाहीतर रिंग ऐकू येत नाही, नाहीतर कॉल कापायला गेलं की फोनच बंद होतो. यातली बहुतेक दुखणी पैसे देण्याआधी ओळखता येतात. फक्त क्रम बदलायला हवा: आधी सिम, मग कान, मग बोटं आणि डोळे, आणि मॉडेल सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ज्यांना टचस्क्रीन नीट वापरता येतो आणि ज्यांचा रोज नातवंडांशी व्हिडिओ कॉल असतो, त्यांचा फोन केवळ वय झालं म्हणून काढून घेऊ नका. बटणांचा फोन त्यांच्यासाठी, ज्यांना फक्त बोलायचं आहे, ज्यांची बोटं थरथरतात किंवा कोरडी पडल्यामुळे टच घेतच नाही.

आधी सिम बघा

सध्याचं सिम कोणत्या कंपनीचं आहे आणि त्यांच्या घरात, म्हणजे ज्या खोलीत ते बसतात तिथे, रेंज कोणाची येते, हे आधी बघा. जिओचं नेटवर्क २०१६ साली सुरू झालं तेच ४जीवर. त्यात २जी, म्हणजे जुन्या पिढीचं नेटवर्क, नाहीच. त्यामुळे जिओचं सिम २जी फोनमध्ये घातलं तर फोन चालू होतो, घड्याळ दिसतं, पण नेटवर्क कधीच येत नाही. जिओ असेल तर खोक्यावर ‘४जी व्होएलटीई’ (म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय) असं लिहिलेलाच फोन घ्या. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलचं सिम २जी फोनमध्येही चालतं.

इथे नावांचा मोठा घोळ होतो. नोकियाचे १०५ आणि ११० हे फोन २जी आणि ४जी अशा दोन्ही प्रकारांत आले आहेत, आणि दिसायला ते जवळपास सारखेच. दुकानदाराला नुसतं मॉडेल सांगू नका, खोकं हातात घेऊन वाचा. उलट बाजूनेही जपा: जिओभारत आणि जिओफोन यांत जिओशिवाय दुसरं सिम चालत नाही. उद्या पोर्ट करायची, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, वेळ आली तर फोनही बदलावा लागेल.

नंबर मात्र बदलू नका. बँक, आधार, पेन्शन, गॅस सगळं त्याच नंबरला जोडलेलं असतं. कंपनी बदलायचीच असेल तर पोर्ट करा. त्याच नंबरवरून १९०० वर इंग्रजीत ‘पोर्ट’, मग एक जागा सोडून नंबर, असा मेसेज पाठवला की कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो.

सिमचा आकारही बघा. स्मार्टफोनमधलं सिम नॅनो असतं आणि बऱ्याच बटणांच्या फोनची खाच जुन्या मोठ्या सिमची असते. प्लास्टिकच्या चौकटीत बसवून ते घालता येतं, पण काढताना ती चौकट आतल्या पिनांना अडकते आणि पिना वाकतात. त्यापेक्षा कंपनीच्या दुकानातून योग्य आकाराचं सिम बदलून घ्या. नवं सिम चालू झाल्यावर २४ तास मेसेज बंद असतात, म्हणजे ओटीपीही येत नाही. पेन्शनचं किंवा बँकेचं काम असलेल्या दिवशी हा उद्योग करू नका.

त्याच सिमवर यूपीआय चालू असेल तर सिम काढल्यावर जुन्या स्मार्टफोनमधलं ते अ‍ॅप चालणार नाही, हेही आधी बोलून घ्या. बटणांच्या फोनसाठी मार्च २०२२ पासून ‘यूपीआय १२३ पे’ ही सोय आहे. पण आजींनी स्वतः मागितल्याशिवाय ती लावून देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

कानाचा विचार

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा सगळेच आवाज सारखे कमी होत नाहीत. उंच पट्टीचे आवाज आधी जातात. म्हणून पक्ष्याची किलबिल किंवा बारीक बासरी ही रिंगटोन कितीही मोठी केली तरी शेजारच्या खोलीतल्या सुनेला ऐकू येते आणि शेजारी बसलेल्या सासऱ्यांना नाही. जुन्या टेलिफोनच्या घंटीसारखी, खालच्या पट्टीची, थांबून थांबून वाजणारी रिंग निवडा आणि सोबत व्हायब्रेशन चालू ठेवा. फोन लाकडी फळीवर ठेवलेला असेल तर त्या थरथरीचाही आवाज होतो.

बोलण्यातही हेच घडतं. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे आवाज उंच पट्टीतले. ‘सात’मधला ‘स’ गेला की ‘आत’ उरतं आणि ते ‘आठ’ म्हणून ऐकलं जातं. २जी कॉलमध्ये ही वरची पट्टी आधीच छाटलेली असते. दोन्हीकडे ४जी असेल तर आवाज बराच स्वच्छ येतो. म्हणून सिम कोणतंही असलं तरी ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी ४जी फोन घेणं योग्य. त्याची बॅटरी २जी फोनपेक्षा लवकर उतरते, एवढं सोसावं लागतं.

कानात मशीन असेल तर आणखी एक कारण आहे. २जी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुटक लहरी सोडतो आणि त्यांची घरघर काही मशीनमध्ये ऐकू येते. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘एम’ आणि ‘टी’ या अक्षरांपुढे ३ किंवा ४ हा आकडा असेल तर तो फोन मशीनसोबत चालण्यासाठी तपासलेला आहे. कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वर असतो, भोकाशी नाही. त्यामुळे फोन नेहमीपेक्षा बोटभर वर धरायला शिकवा. ‘फोनवर काहीच ऐकू येत नाही’ या तक्रारीतलं निम्मं दुखणं तिथेच असतं.

कॉल चालू असताना आवाज वाढवायची बटणं बाजूला हवीत. मधल्या गोल बटणाने आवाज वाढवायचा असेल तर फोन कानापासून काढावा लागतो आणि तोवर समोरचं वाक्य संपलेलं असतं.

बोटं आणि डोळे

बटणं मोठी असण्यापेक्षा ती एकमेकांपासून सुटी आणि उंचवटा असलेली हवीत. सपाट रबरी पत्र्यावर नुसते आकडे छापलेले असतील तर एका दाबात दोन आकडे जातात. बटण दाबल्यावर बोटाला ‘टक्’ जाणवलं पाहिजे. ५ च्या बटणावर बारीक टिंब असतं, ते अंगठ्याला लागतंय का बघा.

पडदा इंचांत मोजू नका. नंबर दाबताना आकडे किती मोठे दिसतात आणि कोणाचा फोन आला हे हातभर अंतरावरून वाचता येतं का, एवढंच महत्त्वाचं. पडदा मोठा आणि अक्षरं मुंगीएवढी, असे फोन भरपूर आहेत. काळ्यावर पांढरी किंवा पांढऱ्यावर काळी अक्षरं मोतीबिंदू असलेल्यांना बरी पडतात. फोटोच्या पार्श्वभूमीवरचं घड्याळ त्यांना दिसतच नाही. मेनूत मराठी आहे का हे दुकानातच बघा. खोक्यावर ‘भारतीय भाषा’ लिहिलेलं असतं आणि आत फक्त हिंदी निघते.

चार्जिंगची जागाही याच भागात येते. जुन्या मायक्रो यूएसबीची पिन एकाच बाजूने बसते. ती उलटी रेटली की आतली पातळ जीभ मोडते आणि फोन कायमचा गेला. टाइप-सी असेल तर पिन कशीही बसते. ज्येष्ठांसाठी खास बनवलेल्या काही फोनसोबत ठेवायची बैठक मिळते. फोन नुसता तिच्यात उभा केला की चार्ज होतो. हात थरथरत असतील तर थोडे जास्त पैसे याच गोष्टीसाठी द्यावेत. त्या फोनच्या पाठीवर आपत्कालीन बटणही असतं, पण ते दाबल्यावर कोणाकोणाला कॉल जातो ते लावून दिल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य.

दुकानात काय करून बघावं

ज्यांना फोन वापरायचा आहे त्यांना सोबत न्या आणि त्यांचं सिमही न्या. दुकानातल्या नमुन्यात सिम घालून त्यांनीच त्यांच्या हाताने, चष्म्यासह, चार गोष्टी करून बघाव्यात: कुलूप उघडणं, आलेला कॉल उचलणं, दहा आकडी नंबर दाबणं, कॉल कापणं. तुम्ही मध्ये हात घालू नका. कुलूप उघडायला दोन बटणं एकापाठोपाठ दाबावी लागतात, तिथे ते अडले तर बाजूला सरकवायच्या कळीचा किंवा उघडझापीचा फोन बघा. उघडझापीचा फोन उघडला की कॉल उचलला जातो आणि मिटला की कापला जातो. हिरव्या-लाल बटणांचा गोंधळच उरत नाही, आणि खिशात आपोआप कॉलही लागत नाहीत.

पैसे देण्याआधी *#०६# दाबा. येणारा पंधरा आकडी नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक (आयएमईआय), खोक्यावरच्या नंबराशी जुळवा. हवं तर इंग्रजीत ‘केवायएम’, एक जागा आणि तो नंबर असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोनची नोंद काय आहे त्याचं उत्तर येतं. बिलावर हा नंबर लिहून घ्या.

घरी लावून देताना

इथे घाई करू नका, तासभर बसा. आधी नको त्या गोष्टी बंद करा: इंटरनेट डेटा, आपोआप कॉल रेकॉर्डिंग, बटणांचे आवाज. बटण दाबल्यावर आकडा बोलणारी सोय असेल आणि दिसायला कमी असेल तर ती मात्र चालू ठेवा. एकच सिम असेल तर दुसऱ्या सिमची जागा सेटिंगमध्ये बंद करा, नाहीतर दर कॉलला ‘कोणतं सिम?’ असा प्रश्न येतो.

मग नंबर. जुन्या फोनमधले दोनशे नंबर आहेत तसे ओतू नका. रोजचे दहा-बारा पुरेत, आणि ते ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने साठवा: ‘सुनंदा ताई’, ‘दूधवाला’, ‘डॉक्टर’. नंबर फोनमध्ये ठेवा आणि एक प्रत सिमवरही घ्या.

स्पीड डायलला २, ३ आणि ४ ही बटणं द्या. ५ आणि ९ मोकळी सोडा. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या बटणांच्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरलं की आपत्कालीन कॉल लागावा असा केंद्र सरकारचा नियम आहे, आणि देशभराचा तो नंबर ११२. तुमच्या फोनमध्ये यातलं कोणतं बटण ते आहे हे माहितीपत्रकात बघून ठेवा. याच कारणाने कीपॅडचं आपोआप कुलूप लावणं गरजेचं आहे. पिशवीत बटण दाबलं जाऊन कॉल लागू नये. २ च्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या. ‘लाल ठिपका दाबून धरा, मुलगी बोलेल’ हे वाक्य लक्षात राहतं.

छातीत पेसमेकर असेल तर फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये. दोन्हींत किमान १५ सेंटिमीटर अंतर हवं, आणि बोलताना विरुद्ध बाजूचा कान वापरावा. गळ्यातल्या दोरीत लटकवलेला फोनही छातीवरच येतो. कमरेची पिशवी किंवा बंडीचा खालचा खिसा बरा.

पुढे काय बिघडतं

तक्रारी ठरावीक असतात. ‘फोन बंद येतो’ याचं कारण बहुतेक वेळा लाल बटण: कॉल कापताना ते दाबून धरलं की फोन बंद होतो. ते एकदा टिचकीसारखं दाबायला शिकवा. ‘रिंगच वाजत नाही’ असेल तर # बटण बघा. पुष्कळ फोनमध्ये ते दाबून धरलं की फोन सायलेंट होतो, आणि परत दाबून धरलं की रिंग परत येते. ‘ओटीपी येत नाही’ असेल तर मेसेजची जागा भरलेली असते. साध्या फोनमध्ये ती मोजकी असते आणि जाहिरातींनीच भरते. महिन्यातून एकदा मेसेज पुसा, आणि १९०९ वर इंग्रजीत ‘स्टार्ट’, एक जागा, शून्य असा मेसेज पाठवून जाहिराती बंद करा. बँकेचे मेसेज त्यामुळे थांबत नाहीत.

फोन, रेंज सगळं ठीक आणि तरी कॉल येत नाहीत, तर रिचार्ज संपलेला असतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने इंटरनेटशिवाय फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. दुकानदार आपणहून ते सुचवेल असं नाही, तुम्ही मागा. मोठ्या मुदतीचा पॅक घ्या आणि संपण्याची तारीख तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये गजर लावून ठेवा, त्यांच्या नव्हे.

फसवणुकीचे कॉल बटणांच्या फोनवरही येतात. काही फोनमध्ये यादीतल्या नंबरांशिवाय दुसरा कॉलच येऊ न देण्याची सोय असते. ती उपयोगी आहे, पण दवाखान्याचा किंवा नव्या नंबरवरून केलेला नातवाचा कॉलही मग अडतो, हे समजून लावा. कोणी सांगितलं म्हणून * किंवा # असलेला आकडा दाबायचा नाही, हे नीट समजावा. अशाच आकड्यांनी कॉल दुसरीकडे वळवले जातात. शंका आली तर ##००२# दाबून कॉल केला की सगळी वळवावळवी रद्द होते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कॉल करा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. ११२, १९३० आणि तुमचा नंबर जाड मार्करने कागदावर लिहून देवघराजवळ चिकटवा. फोन हरवला तरी कागद भिंतीवर असतो.

आई-वडील मुलांकडे अमेरिकेला जाणार असतील तर हा फोन तिथे चालेल असं धरू नका. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्येच बंद केलं. तिथला साधा फोन तिथेच घ्यावा.

पहिले आठ दिवस रोज ठरलेल्या वेळी तुम्ही कॉल करा आणि एक दिवसाआड त्यांना करायला सांगा. जुना फोन लगेच कोणाला देऊ नका, महिनाभर चार्ज करून कपाटात ठेवा. वहीत न लिहिलेला एखादा नंबर त्याच्यातच राहिलेला असतो.