तुटपुंज्या नेटवर चालणारा व्हिडिओ धडा कसा तयार करावा

ऑनलाइन शिकवण्याबद्दलचे बहुतेक सल्ले नेट चांगलं आहे असं धरूनच दिलेले असतात. कॅमेरा भारी घ्या, चेहरा सतत दिसू द्या, ॲनिमेशन घाला आणि शेवटी फाइल फार मोठी झाली तर एखाद्या ॲपमधून कॉम्प्रेस करा. हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझा संयम सुटतो. आधी अवजड धडा बनवायचा आणि मग तो पिळून लहान करायचा, हा क्रमच उलटा आहे. पिळलेल्या व्हिडिओत पहिला बळी जातो अक्षरांचा, आणि विद्यार्थ्याला तर तीच वाचायची असतात.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार त्या वर्षी जगातले सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते. जे आत आहेत त्यांच्यातही मोजका डेटा, जुना फोन आणि घरात सगळ्यांत मिळून एकच यंत्र, अशा परिस्थितीत शिकणारे पुष्कळ आहेत. २०२० मध्ये जगभरच्या शाळा बंद पडल्या, दीडशे कोटींहून जास्त विद्यार्थी घरी बसले, तेव्हा ही दरी सगळ्यांना दिसली. शाळा उघडल्या म्हणून ती बुजली नाही. पुढची पद्धत अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. दहा मिनिटांचा धडा साधारण दहा एमबीत बसला पाहिजे, अक्षर स्वच्छ दिसलं पाहिजे आणि आवाज नीट ऐकू आला पाहिजे. तेवढं साधलं की पुरे.

आधी ठरवा, व्हिडिओ हवाच आहे का

कविता, इतिहासातला प्रसंग, भाषेतलं उच्चारण यांना आवाजाची फाइल पुरते. ३२ केबीपीएसवर (सेकंदाला ३२ किलोबिट) दहा मिनिटांचं बोलणं अडीच एमबीच्या आत मावतं. व्याख्या आणि उदाहरणं मजकुरात द्या. गणितातली रीत, आकृती, प्रयोगाची मांडणी, म्हणजे जिथे डोळ्यांना टप्प्याटप्प्याने काही दाखवावं लागतं, तिथेच व्हिडिओ करा.

थेट वर्गाचा मोह टाळा. एक एमबीपीएसने (सेकंदाला एक मेगाबिट) चालणारा तासाभराचा व्हिडिओ कॉल साडेचारशे एमबी खातो, आणि नेट तुटलं की तेवढा भाग कायमचा गेला. थेट भेट शंकांसाठी राखून ठेवा, तीही कॅमेरे बंद करून.

आवाज

खोलीत पंखा बंद, खिडक्या बंद, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर. मागे संगीत अजिबात नको. बोलणं आधी लिहून काढा, म्हणजे ‘तर’, ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात ते’ यांत जाणारी मिनिटं वाचतील.

पडद्यावर काय हलतंय

मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते या टप्प्याने, आणि मिळणाऱ्या सल्ल्यांत नेमका हाच गाळलेला असतो. इथे घाई करू नका.

व्हिडिओ फाइल प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवते आणि मधल्या वेळात आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवते. पडदा वीस सेकंद स्थिर राहिला तर त्या वीस सेकंदांना जवळजवळ काहीच जागा लागत नाही. कोपऱ्यातल्या चौकटीत तुमची मान हलत असेल, तर तिची नोंद मात्र प्रत्येक फ्रेमला, म्हणजे प्रत्येक चित्राला, करावी लागते. धड्याची लांबी दुय्यम. फाइलचं वजन मुख्यतः ठरतं ते पडद्यावर किती ठिकाणी आणि किती वेळा बदल होतो यावर. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात.

म्हणून स्लाइड बदलताना एकीतून दुसरी हळूच उमटवू नका, कारण त्या सेकंदात पडद्याचा प्रत्येक ठिपका बदलत असतो. थेट बदला. चित्रावर संथपणे झूम करत जाण्याची लकब सोडा. दिसायला छान, पण डेटाच्या हिशेबात याहून महाग काही नाही. लांब पान वरखाली सरकवत शिकवू नका, त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या स्लाइड करा. माउसचा बाण फिरवला तर चालतं, तो इवलासा असतो.

चेहऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे. सुरुवातीची पंधरा-वीस सेकंदं चेहरा दाखवा, नमस्कार करा, आज काय शिकायचं ते सांगा आणि कॅमेरा बंद करा. विद्यार्थ्याला आपुलकी वाटावी हा हेतू बरोबर आहे, पण ती आवाजातूनही पोहोचते. चेहऱ्यापायी धडा डाउनलोडच झाला नाही, तर ती आपुलकी पोहोचणार कुणापर्यंत?

आता कागदावर लिहून शिकवणाऱ्यांसाठी. गणिताचे शिक्षक बहुधा हेच करतात, आणि ही रीत उत्तम आहे. विद्यार्थ्याला ओळीमागून ओळ उमटताना दिसते. खरी अडचण इथेच येते. टेबलावर कोरा कागद, वर स्टँडला लावलेला फोन, हलतंय ते फक्त पेनाचं टोक, आणि तरीही फाइल फुगलेली. असं का होतं ते पडद्याकडे नुसतं पाहून कळत नाही.

पहिलं कारण उजेड. उजेड कमी पडला की कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बारीक दाणे उमटतात. प्रत्येक फ्रेमला ते वेगळ्या जागी असतात. आपल्याला कागद पांढराशुभ्र, निश्चल दिसतो, पण सॉफ्टवेअरला संपूर्ण कागद क्षणोक्षणी बदलताना दिसतो आणि ते त्या दाण्यांची इमाने इतबारे नोंद करत बसतं. उपाय एकच: भरपूर आणि स्थिर उजेड. खिडकीवर विसंबू नका, एक ढग आला की सगळा कागद काळवंडतो. दोन बाजूंनी दोन दिवे लावा, म्हणजे हाताची सावलीही पडणार नाही. रेकॉर्डिंगमध्ये आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बदला.

दुसरं कारण फोनचा चांगुलपणा. हात चौकटीत आला की फोन स्वतःहून फोकस बदलतो, हात निघाला की परत बदलतो. पांढऱ्या कागदावर त्वचेचा रंग आला की उजेडही कमीजास्त करतो. प्रत्येक वेळी पूर्ण चित्र हलतं. रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर पेन ठेवा, फोनच्या पडद्यावर त्या जागी बोट दाबून धरा आणि फोकस व उजेड दोन्ही लॉक करा. बहुतेक फोनांत ही सोय आहे. तुमच्या कॅमेरा ॲपमध्ये नसेल तर ती असलेलं दुसरं ॲप घ्या. ही पायरी गाळून पुढे जाऊ नका.

तिसरं कारण टेबल. ज्या टेबलावर कोपर टेकता त्यालाच स्टँड अडकवला असेल, तर प्रत्येक अक्षराबरोबर फोन थरथरतो. स्टँड जमिनीवर किंवा दुसऱ्या टेबलावर ठेवा. कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के करा.

सगळं जमलं की नाही हे तपासायला रिकाम्या कागदाची चाचणी घ्या. काहीही न लिहिता, कागदाकडे कॅमेरा रोखून एक मिनिट रेकॉर्ड करा, पुढे दिलेल्या सेटिंगवर लहान करा आणि आकार पाहा. आवाजासकट एक एमबीच्या आत आला तर पुढे चला. त्याहून जास्त आला तर उजेड, लॉक किंवा स्टँड यांतलं काहीतरी बिघडलं आहे, कारण कागदावर तर काहीच नाही. दोष सापडेपर्यंत धडा रेकॉर्ड करायला बसू नका. कॉम्प्रेशन वाढवून दाणे घालवायला गेलात, तर त्यांच्याबरोबर अक्षरंही जातात.

स्लाइडवाल्यांनी अक्षरांकडे लक्ष द्यावं. शेवटची फाइल ८५४ बाय ४८० ठिपक्यांची असणार, म्हणून स्लाइडवर सहा-सात ओळींहून जास्त नको. ज्या लिपीत मात्रा, वेलांट्या, उकार वरखाली लागतात तिला रोमन लिपीपेक्षा जास्त उंची द्यावी लागते; नाहीतर ‘कि’ आणि ‘की’ सारखेच दिसतात. लाल पार्श्वभूमीवर निळी अक्षरं असले प्रकार टाळा. नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची माहिती पूर्ण साठवली जाते, पण रंगाची माहिती उभी-आडवी दोन्हीकडे निम्मी करूनच ठेवतात. ज्या अक्षरांचा पार्श्वभूमीपासूनचा फरक केवळ रंगाचा आहे, ती म्हणूनच धूसर होतात. पांढऱ्यावर काळं लिहा.

स्लाइड रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ वापरा, ते मोफत आहे. त्यात सुरुवातीलाच कॅनव्हास, म्हणजे चित्राचा आकार, ८५४ बाय ४८० आणि वेग सेकंदाला १० फ्रेम ठेवा. मोठ्या आकारात रेकॉर्ड करून नंतर लहान केलं की अक्षरांच्या कडा मऊ पडतात.

फाइल लहान करणं

इथे हँडब्रेक हे व्हिडिओ लहान करणारं सॉफ्टवेअर, तेही मोफत. फाइल एमपी४, आकार ८५४ बाय ४८०, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची रीत) एच.२६४, वेग १० फ्रेम, ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर खूण. आवाज एएसी, मोनो, ४८ केबीपीएस. म्हणजे दहा मिनिटांना ३.६ एमबी. गुणवत्तेसाठी बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला किती डेटा खर्चायचा याचा, आकडा ठरवून देऊ नका. ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ निवडा आणि आरएफ २६ च्या आसपास ठेवा. आकडा वाढला की फाइल लहान होते आणि चित्र बिघडतं. या पद्धतीत स्थिर पडद्याला जागा जवळजवळ लागतच नाही. ठरावीक बिटरेट दिला तर तो गरज नसतानाही खर्च होऊ शकतो आणि गरजेच्या जागी कमी पडतो.

एचईव्हीसी किंवा एव्ही१ घ्या, फाइल आणखी निम्मी होईल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे त्यांच्या जुन्या फोनांत या नव्या कोडेकसाठी लागणारी सोय चिपमध्ये नसते. धडा अडखळतो, फोन तापतो, बॅटरी उतरते. २००३ चं एच.२६४ अशा फोनांतही बिनबोभाट चालतं.

बोलण्याचा लिखित मजकूर आधीपासून तयार आहेच, त्याची एसआरटी (साध्या मजकुराच्या फाइलमधली) उपशीर्षकं करा. काही केबींची फाइल असते. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याला तिच्याशिवाय धडा बंदच आहे. २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या वेब-सुलभतेच्या नियमावलीत ध्वनिमुद्रित व्हिडिओला उपशीर्षकं ही अगदी प्राथमिक पातळीची अट आहे. गलबल्याच्या घरात आवाज बंद करून शिकणाऱ्यालाही तीच उपयोगी पडतात.

सोबतची टिपणं युनिकोडमध्ये टाइप करून द्या. वहीच्या पानांच्या फोटोंची पीडीएफ जड असते, तिच्यात शोधता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याला पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही.

पाठवण्यापूर्वी

मिळेल तो सगळ्यात जुना, लहान पडद्याचा फोन घ्या. त्यावर धडा लावा, हात लांब करून धरा आणि प्रत्येक स्लाइड मोठ्याने वाचा. जे वाचताना डोळे बारीक करावे लागले ते परत करा. संगणकावर पाहून ‘चाललंय’ म्हणू नका.

पोहोचवणं

व्हॉट्सॲपवर धडा ‘व्हिडिओ’ म्हणून पाठवलात तर ॲप तो पुन्हा कॉम्प्रेस करतं आणि जपलेली अक्षरं तिथे धुऊन निघतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, जशी आहे तशी फाइल जाते. नुसती लिंक देणं मला पटत नाही. ऑनलाइन पाहिलेला धडा दुसऱ्यांदा पाहताना बहुधा पुन्हा डेटा जातो, आणि अवघड धडा पुन्हा पाहावाच लागतो. फाइल एकदा उतरली की कितीही वेळा, नेटशिवाय.

फाइलच्या नावात विषय, क्रमांक आणि धडा लिहा: गणित-०७-अपूर्णांक. एकाच फोनवर दोघं-तिघं शिकत असतील तर क्रम लागलेला राहतो. पहिल्या स्लाइडवर क्रिएटिव्ह कॉमन्स (इतरांना वापरायची मोकळीक देणारा) परवाना लिहून टाका, म्हणजे इतर शिक्षक निर्धास्तपणे तो मेमरी कार्डावर पुढे देतील. दुसऱ्याची चित्रं घेताना त्यांचा परवानाही तपासा.

जिथे नेट मुळीच नाही पण मुलं एका जागी जमतात, तिथे एक छोटा संगणक आणि वायफाय राउटर पुरतो. कोलिब्री हे सॉफ्टवेअर त्यावर धडे आणि सराव चालवतं, किविक्स अख्खा विकिपीडिया नेटविना उघडतं. दोन्ही मोफत आहेत.

उत्तरं परत मागवताना

ऑनलाइन चाचणीची वेळ लावू नका. नेट अडकलेला विद्यार्थी आणि अभ्यास न केलेला विद्यार्थी तिथे सारखेच नापास होतात. प्रश्न धड्याच्या शेवटच्या स्लाइडवर द्या, उत्तर वहीत लिहायला सांगा, एका पानाचा एक फोटो किंवा मिनिटभराचा आवाज मागवा आणि मुदत दिवसांत द्या. फोन घरी कधी मिळतो ते आधी विचारून घ्या.

धडा दहा मिनिटांचा असला तरी पाच-पाच मिनिटांच्या दोन फाइल करून पाठवा. एखाद्या पायरीत चूक निघाली तर तेवढाच अर्धा भाग नव्याने रेकॉर्ड करून, नावापुढे ‘सुधारित’ लिहून धाडता येतो, आणि विद्यार्थ्याला तेवढाच डेटा पुन्हा खर्चावा लागतो.